चौथ्या घरातलं कमळ

दामूअण्णा पोतदारांना "साचा कुठला करायचा?" असं विचारलं की ते आधी पायात चपला घालत.

उत्तर नाही, हूं नाही की चूं नाही. हातातली कानस फडक्यावर ठेवायची, हात आधी रॉकेलनं आणि मग साबणानं धुवायचे, काळी टोपी झटकून डोक्यावर ठेवायची, दारात जोडीनं मांडलेल्या चपला पायात सरकवायच्या आणि चालू लागायचं. मग समोर गिऱ्हाईक बसलेलं असो, नाहीतर मी कपाळाला हात लावून बसलेला असो. गिऱ्हाईक मला विचारी, "हे कुठं निघाले?" मी काय सांगणार? हे बहिणीला विचारायला घरी निघाले, असं सांगितलं असतं तर तो माणूस पुन्हा चिंचवडच्या बाजूला फिरकला नसता. मी म्हणत असे, "चहा सांगायला गेलेत." मग चहा मलाच सांगावा लागे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. आता पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्याला कारखाना चिकटलेला आहे. तेव्हा तसं काही नव्हतं. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिकडेच निर्वासितांची छावणी होती, आणि उरलेल्या सगळ्या माळावर बाजरी नाहीतर बाभळी. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रस्त्याला लागून, आमची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक हातमशीन. प्लॅस्टिकचे दाणे मुंबईहून यायचे. ते मशीनच्या नळीत तापवून पातळ करायचे, दांडा ओढून साच्यात दाबायचे, निवले की साचा उघडून वस्तू काढायची. गुंड्या, साबणाच्या डब्या, बाटल्यांची टोपणं असला आमचा माल. मी साताऱ्याकडून आलेला मॅट्रिक माणूस, काम मिळवणं आणि पोचवणं माझ्याकडे. साचे करणं दामूअण्णांकडे. आमची भागी होती. दांडा ओढायला काळेवाडीचा यशवंत होता. त्याचे दंड बघून वाटे, हा मशीनच उचलून घरी नेईल. या तिघांत चिडणारा माणूस एकटा मीच. बाकीच्या दोघांच्या वाट्याचं चिडणंही माझ्याकडेच आलं होतं.

दामूअण्णा चिंचवडगावातल्या जुन्या सोनाराच्या घरातले. वडील दागिन्यांचे ठसे कोरायचे. लढाईच्या काळात दामूअण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला लागले, तिथं पोलाद कापायला शिकले आणि तिथून सोन्याकडे परत गेलेच नाहीत. हात असा की पोलादात मोगऱ्याची कळी कोरावी. पण त्या हाताला कामाला लावणं म्हणजे बैलाला जिना चढवणं. शेडमध्ये ते अनवाणी वावरत. वितळलेलं प्लॅस्टिक सांडायचं, लोखंडाचा कीस पडलेला असायचा, आणि हे देवळात आल्यासारखे अनवाणी. मी ओरडलो की म्हणायचे, "पायाला कळतं कुठं काय पडलंय ते." कळायचं खरंच. दर आठवड्याला पायातून एक कीस काढत बसलेले दिसायचे.

साच्याच्या आत जी पोकळी असते, जिच्यात वस्तू आकार घेते, तिला आम्ही घर म्हणत असू. एका साच्यात एक घर असलं तर दांड्याच्या एका ओढीला एक वस्तू, चार घरं असली तर चार. सरळ हिशेब. मी पहिल्यांदा गुंड्यांचं काम आणलं तेव्हा मी म्हणालो, "दामूअण्णा, आठ घरांचा करून टाका."

"कुणासाठी?"

"गुंड्या कुणासाठी म्हणजे? सदऱ्यासाठी!"

"आठ पानं मांडायची म्हणता. भात किती हाय?"

त्यांचं बोलणं हे असं. आमच्या मशीनची नळी एवढीशी. आठ घरं भरायला तेवढा माल एका ओढीत पुढे जायला हवा. तो गेला नाही तर तोंडाजवळची घरं भरतात आणि टोकाची उपाशी राहतात, गुंड्या अर्ध्या चंद्रकोरीसारख्या येतात. हे त्यांनी मला सरळ सांगितलं असतं तर मला कळलं नसतं का? पण नाही. पंगतीचा भात, वाढप्या, शेवटच्या पानावर बसलेला पाहुणा, अशी सगळी वरात काढून मग कळलं की चार घरांच्या पुढे जायचं नाही. तोवर गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं.

तरी हे समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखी होती ती त्यांची पद्धत. कुठलीही वस्तू आली की दामूअण्णा आधी ती लाकडात कोरत. हुबेहूब, तेल पाजून, घासून. मग ती घरी नेऊन आक्कांच्या हवाली करत. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. दामूअण्णांनी लग्न केलं नव्हतं आणि घरात ही दोघंच. आक्कांनी ती लाकडी वस्तू रोजच्या कामात वापरायची. किती दिवस? याला उत्तर नसे. "नांदू द्या की घरात. नांदली तर कळंल." नांदून झालं की आक्का आपलं मत सांगत आणि मग दामूअण्णा ठरवत की साचा एका घराचा की चारांचा, हातानं उघडायचा की मशीनवरच बसवायचा, मालाला तोंड वरून द्यायचं की बाजूनं.

मी म्हणत असे, "अहो, साचा निवडायचाय. सून आणायची नाही."

"सून माहेरी धाडता येती, केशवराव. पोलादाला एकदा शब्द दिला की माघार न्हाई."

आता कुणी म्हणेल, आक्कांचं मत दर वेळी बरोबर येत असेल. अजिबात नाही. साबणाच्या डबीची गोष्ट सांगतो. लाकडी डबी आक्कांनी पवनेच्या घाटावर धुणं धुताना वापरली. डबीत पाणी साठायचं, साबणाचा लगदा व्हायचा. आक्का म्हणाल्या, "बुडाला भोकं पाड." दामूअण्णांनी साच्यात खिळे उभे करून बुडाला सुबक भोकं आणली. गिऱ्हाइकानं मागितलेली नसताना. तो माल गेला तसा परत आला, कारण ती डबी प्रवासाची होती. लोकांनी ती ट्रंकेत ठेवली आणि ओला साबण धोतरांवर झिरपला. मी दामूअण्णांपुढे ती पोती आपटली. ते बशीतला चहा फुंकत होते. शांतपणे म्हणाले, "आक्का कधी गावाला गेलीच न्हाई. तिला काय ठावं ट्रंकेचं?"

"मग तिला विचारता कशाला?"

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. मी घरी गेलो तर घरालाही कुलूप. शेजारच्या माणसानं सांगितलं की दामूअण्णा आक्कांना घेऊन लोणावळ्याला गेलेत. ट्रंकेत ओल्या साबणासकट लाकडी डबी घालून, बिनभोकांची, नव्यानं कोरलेली. आक्का त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसल्या. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाल्या, "बोगदा लई भारी." डबीबद्दल त्यांना विचारायचंच राहिलं होतं. दामूअण्णांनी ट्रंक उघडली तेव्हा कपडे कोरडे होते, एवढं मात्र खरं. तो साचा चालला. पण त्या गिऱ्हाइकाला दुसरा माणूस मिळाला होता.

मग आणखी एकदोन कामं अशीच वेळेवर न झाल्यानं हातची गेली, आणि एके दिवशी आमच्याकडे काम म्हणून काही उरलं नाही. यशवंत दांडा पुसत बसायचा. असं दोन महिने चाललं तर शेड बंद करावी लागणार, हे मला दिसत होतं, यशवंतला दिसत होतं. तो मला म्हणाला, "मालक, कांद्याच्या लागणीला जाऊ का घरी? भावकीत आता काय तोंड दावायचं?" दामूअण्णांना दिसत होतं की नाही ते देव जाणे. ते एका जुन्या साच्याला उगीचच पॉलिश करत होते.

आणि दसऱ्याला पुण्याहून गुलाबचंद शेठ आले. तुळशीबागेत बायकांच्या सामानाचं दुकान. त्यांनी खिशातून पितळेची कुंकवाची डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे प्लॅस्टिकमधी. लाल. टोपणावर कमळ. संक्रांतीच्या वाणाला पाहिजे."

वाण म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सवाष्ण आलेल्या बायकांना काहीतरी लुटते. कुणी आरसा, कुणी फणी. त्या वर्षी प्लॅस्टिकची कुंकवाची डबी निघाली तर पुण्यातली प्रत्येक बाई तीच लुटणार, असा शेठजींचा अंदाज. माल मार्गशीर्षाच्या अखेरीला हवा. संक्रांत होऊन गेल्यावर ती डबी फुकट दिली तरी कुणी घेणार नाही. मला हर्ष झाला. यशवंतनं दांड्याला नमस्कार केला.

डबीचा तळ सोपा होता. प्रश्न टोपणाचा. टोपणाला आटे पाडून फिरवायचं करावं, की नुसतं दाबून बसणारं? आट्याचं टोपण घट्ट, पण साच्यातून ते प्रत्येक वेळी हातानं फिरवून काढावं लागतं. म्हणजे साचा एका घराचा, आणि यशवंतनं दिवसरात्र केलं तरी माल संक्रांतीला पुरा होणं कठीण. दाबायचं टोपण चार घरांच्या साच्यात सरसर निघालं असतं, पण ते सैल झालं तर कुंकू बायकांच्या लुगड्यावर, आणि घट्ट झालं तर आमचं प्लॅस्टिक ठिसूळ, काठाला तडा. शेठजी म्हणाले, "कुठलं बी करा. सांडायला नको अन् उशीर नको."

ते गेल्यावर मी म्हणालो, "दामूअण्णा, साचा कुठला?"

आणि दामूअण्णांनी चपला घातल्या नाहीत.

मला वाटलं, चला, माणूस सुधारला. पण सुधारणेचं लक्षण काही दिसेना. त्यांनी शिसवीच्या दोन डब्या कोरल्या, एक आट्याची, एक दाबायची. सुरेख. त्या त्यांनी शेडमधल्या फळीवर ठेवल्या आणि पुन्हा त्या जुन्या साच्याला पॉलिश करायला बसले. दिवाळी आली नि गेली. डब्या फळीवर. मी विचारलं की "बघू." पुन्हा विचारलं की "पोलाद काय म्हणतंय बघू." पोलाद काय म्हणणार होतं? ते कोपऱ्यात गंजत पडलं होतं. एरवी वस्तू घरी नेण्यावरून मी त्यांच्याशी भांडायचो, आता घरीच न्या म्हणून त्यांच्या विनवण्या करू लागलो. "न्या हो घरी. नांदू द्या. पाया पडतो."

ते मान खाली घालून कानस साफ करत राहिले.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी फळीवरच्या दोन्ही डब्या उचलल्या. "तुम्ही नेत नसाल तर मी माझ्या बायकोला नेऊन देतो. सुमती वापरील. आठ दिवसांत सांगेल कुठली बरी ते."

दामूअण्णांनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. "ठेवा ती खाली!" म्हणाले. "वहिनींना द्यायची न्हाई. कुणालाच द्यायची न्हाई." आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. अनवाणीच.

यशवंत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मालक, आक्का कुंकू लावत न्हाईत. धनी जाऊन लई वर्सं झाली."

मी आक्कांच्या हातचा चहा किती वेळा प्यालो होतो. पांढरं कपाळ डोळ्यांसमोर असायचं. दामूअण्णा तोवर आत आले होते. मी आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, "अहो, मग सरळ सांगायचं. नाही आक्कांना द्यायची, तर सुमतीला द्या. यात अडचण काय?"

"आजवर एकबी साचा तिच्या हातून गेल्याबिगार झाला न्हाई," दामूअण्णा म्हणाले. "तिच्या म्होरं कुंकवाची डबी कशी ठेवू? आन् दुसरीला दिली तर तिला कळणार न्हाई व्हय? म्हणंल, आता माझं कामच न्हाई." आणि मग थोड्या वेळानं, "तिला दुसरं हाय काय, केशवराव?"

राग धड येऊही देत नाहीत ही माणसं. बहिणीचं मन मोडायचं नाही म्हणून हे थांबणार, आणि हे थांबले म्हणून शेड बसणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडाच्या काठावर मी. मी म्हणालो, "मग नाणं उडवू." ते म्हणाले, "पोलादाला असं सांगत न्हाईत." आणि गोष्ट पुन्हा फळीवर.

ती सोडवली आक्कांनीच. त्या कधी शेडवर आल्या नव्हत्या. एके दिवशी दुपारी डोक्यावर पदर, हातात दामूअण्णांचा विसरलेला डबा, अशा दारात उभ्या. बारीक चणीची बाई, आवाज मात्र पाणवठ्यावरचा.

"काय रं दाम्या, काम बंद पडलं व्हय?"

"न्हाई आक्का. चालू हाय की."

"चालू हाय तर दसऱ्यापासनं घरात लाकडाचा एक तुकडा आला न्हाई? मला वाटलं, धंदा बुडाला आन् तू नुसता हितं येऊन बसतोयस." बोलता बोलता त्यांची नजर फळीवर गेली. कमळं कोरलेल्या दोन लहान गोल डब्या. कुंकवाची डबी ओळखायला कुठल्या बाईला सांगावं लागतं? दामूअण्णांनी हातातलं फडकं पिळून पिळून त्याचा पीळ केला होता. मी मशीनच्या मागे गेलो.

आक्कांनी दोन्ही डब्या खाली काढल्या. एक फिरवून उघडली, एक दाबून बंद केली. पदराच्या टोकाला बांधल्या.

"आक्का, ती..." दामूअण्णा म्हणाले.

"मला डोळं हायत. भाकर खाऊन घे, गार व्हईल." आणि त्या गेल्या.

पुढच्या बाजारापर्यंत त्या डब्या नांदल्या. आक्कांनी त्यांत मशेरी भरली. तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी बायका दातांना लावतात, आणि आक्कांना दिवसातून पंचवीसदा लागायची. ओल्या बोटानं, राखेच्या बोटानं, पिठाच्या बोटानं. निकाल सांगायला त्या परत शेडवर आल्या, कारण आता त्यांना वाट ठाऊक झाली होती. आट्याची डबी माझ्यापुढे ठेवली. आटे मशेरीनं बुजून टोपण वाकडं चढलं होतं, हलत नव्हतं.

"ही नको. हिला दोन हात लागत्यात. बाईचा दुसरा हात मोकळा असतो व्हय कधी?" त्यांनी दुसरी डबी घेतली आणि अंगठ्यानं टक्कन उघडून दाखवली. "ही घ्या."

दामूअण्णांनी ताबडतोब पोलाद हातात घेतलं. दाबायचं टोपण, चार घरं, मशीनवर बसवलेला साचा. टोपणाचा काठ केसाएवढा बाहेर झुकता ठेवला, म्हणजे दाबताना ताण यावा पण तडा जाऊ नये. मेण ओतून पुन्हा पुन्हा ठसा घ्यायचे, डोळे मिटून घरातून करंगळी फिरवायचे. मी शेठजींना निरोप धाडला की माल वेळेवर येतो. मला झोप येऊ लागली.

पहिला माल काढला त्या दिवशी मी नारळ आणला होता. यशवंतनं दांडा ओढला, साचा उघडला. लालभडक चार टोपणं. तीन टोपणांवर कमळ. चौथं सपाट.

"दामूअण्णा, चौथ्या घरात कमळ राहिलं."

"राहिलं न्हाई. ठेवलं न्हाई."

"म्हणजे?"

"ते कुंकवाचं न्हाई. तशा बी बायका हायत. त्यांनी मशेरी कशात ठेवायची?"

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतंय ते लिहिण्यासारखं नाही. शेठजींनी कमळाची डबी सांगितली होती. म्हणजे दर ओढीला एक टोपण फुकट, यशवंतचे दंड पाव भागानं वाया, आणि संक्रांत तर माझ्या बापासाठी थांबणार नव्हती. मी म्हणालो, कमळ कोरा, आत्ता. ते म्हणाले, न्हाई. मी म्हणालो, ही भागी आहे, धर्मशाळा नाही. ते म्हणाले, तेबी खरं. आणि कोरलं नाही. आठवडाभर यशवंत दांडा ओढत होता, सपाट टोपणांचं पोतं भरत होतं, आणि मी त्या पोत्याला येता-जाता लाथ मारत होतो.

मग एका संध्याकाळी दामूअण्णांनी पहिली सपाट डबी तळासकट पुसून खिशात घातली आणि मला म्हणाले, "चला घरी. चहा घेऊ." मी घसा बसल्यामुळे गेलो. आक्का चुलीपुढे होत्या. दामूअण्णांनी डबी त्यांच्यापुढे ठेवली, देवापुढे ठेवावी तशी.

आक्कांनी ती घेतली. अंगठ्यानं उघडली, मिटली, उघडली. खूश दिसल्या. मग अंगठा टोपणावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"कमळ कुठं गेलं रं?"

"तुझीवर ठेवलं न्हाई, आक्का."

"का?"

दामूअण्णांची नजर त्यांच्या कपाळावर गेली आणि लगेच खाली वळली. आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना कळलं. हातातली फुंकणी त्यांनी जमिनीवर ठेवली.

"खुळ्या," त्या म्हणाल्या, "कुंकू न्हाई ते ठावं हाय मला. तू बी आता कमळ काढून घ्याया लागलास? कमळाला नवरा लागतो व्हय?"

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. मी तिथून निघालो तेव्हा दामूअण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि आक्का त्याच सपाट डबीत मशेरी भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोचलो तर ऐन गर्दीत मशीन बंद, साचा खाली उतरवलेला, आणि दामूअण्णा वडिलांच्या छिन्न्या घेऊन चौथ्या घरात कमळ कोरत होते. मी आठवडाभर घसा फोडत होतो ते चालत नव्हतं, आणि आता माल अर्धा राहिलेला असताना दोन दिवस काम बंद. मी विचारलं, "आधी कोरलं असतंत तर?" मान वर न करता म्हणाले, "आधी तिनं सांगितलं नव्हतं." ते चौथं कमळ बाकीच्या तिन्हींसारखं आलं नाही. जरा मोठं, जरा खोल, पाकळ्या दाट. गुलाबचंद शेठना फरक कळला नाही. मला अजून कळतो. माल वेळेवर गेला, शेवटची पोती यशवंतनं स्वतः लॉरीत चढवली. शेड राहिली. संक्रांतीला सुमती तीन घरी हळदीकुंकवाला गेली आणि तिन्ही ठिकाणांहून आमचीच डबी घेऊन आली.

दामूअण्णांनी मोठ्या कमळाची एक डबी आक्कांना नेऊन दिली होती. त्यात त्यांनी सुपारी ठेवली. मशेरी शेवटपर्यंत सपाट डबीतच. "हिला सवय झालीय हाताची," म्हणायच्या. ती कमळाची डबी मात्र कोनाड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवलेली असायची.

पुढे दोन वर्षांनी आक्का थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेल्या. दामूअण्णा तेराव्यानंतर शेडवर आले, हात रॉकेलनं धुतले, साबणानं धुतले आणि कामाला बसले. बोलत तसेही कमीच होते. त्याच सुमारास चहाच्या गाळणीचं काम आलं. दांडीसकट एका साच्यात काढायची की दांडी वेगळी करून जोडायची, असा प्रश्न होता. त्यांनी लाकडात नमुना कोरला. गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्याला आठवड्यात उत्तर हवं होतं, आणि मी सवयीनं, चिडूनच, विचारलं, "मग दामूअण्णा, साचा कुठला?"

दामूअण्णांनी कानस फडक्यावर ठेवली. हात धुतले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. गाळणी खिशात घातली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले. गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कुठं निघाले?" मी दारात जाऊन उभा राहिलो. शेडच्या दारातून ते दिसत होते. रस्त्यानं गावाच्या दिशेनं गेले, लिंबाच्या झाडापर्यंत. तिथं थांबले. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून गेली तरी ते तसेच उभे. मग वळले आणि परत आले. दारात चपला काढल्या, जोडीनं मांडल्या.

गाळणी त्यांनी माझ्या हातात दिली.

"वहिनींना द्या," म्हणाले. "आन् म्हणावं, घाई न्हाई."

गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत होतं. मी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि संध्याकाळी ती गाळणी घरी नेली.